काकींचा ओटीपी नालासोपाऱ्याला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकी पहाटे गोठ्यात पाय घसरून पडल्या. वय बाहत्तर. खुब्याचं हाड मोडलं. १०८ ला फोन केला, गाडी आली, आणि तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, मोठ्या ठिकाणी न्या. काकी, त्यांची सून, मी आणि पिशवीभर कागद अशी आमची वरात जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचली. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड घेतलं, संगणकावर आकडे घातले आणि मान वर न करता म्हणाला, "ओटीपी सांगा."

स्ट्रेचरवरच्या काकींनी माझ्याकडे पाहिलं. "काय मागतोय गो बाय तो?"

काकींकडे मोबाइलच नाही. आधार काढताना मुलाचा नंबर दिलेला. मुलगा नालासोपाऱ्याला राहतो, रात्रपाळी करतो आणि सकाळी फोन बंद करून झोपतो. म्हणजे काकी इथे, त्यांचं मोडलेलं हाड इथे, आणि त्या कोण आहेत हे सिद्ध करणारे सहा आकडे नालासोपाऱ्याच्या एका खोलीत, बंद फोनमध्ये. मग म्हणाले अंगठा लावा. काकींनी वीस वर्षं काजू सोलले आहेत. काजूच्या सालीतल्या तेलाने बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या. यंत्र काही अंगठा घेईना. "योजनेत नाव लागेपर्यंत पैसे भरून ठेवा," असं सांगण्यात आलं. सुनेच्या पिशवीत आठशे रुपये होते.

शेवटी दुपारी जेवण उरकून आलेल्या आरोग्यमित्र बाईंनी आमची कहाणी ऐकली, आपला फोन काढला, काकींचा चेहरा त्यात धरला, डोळे मिटायला-उघडायला सांगितले आणि पाऊण तासात काम झालं. ऑपरेशन झालं, आम्हाला पैसे भरावे लागले नाहीत. योजना चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण घरी येताना एकच विचार डोक्यात घोळत होता. त्या दिवशी त्या बाई रजेवर असत्या तर?

मैत्रिणींनो, गेल्या पाचसहा वर्षांत आपल्या देशात आरोग्याचा कारभार झपाट्याने मोबाइलवर गेला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ई-संजीवनी' सुरू झाली, म्हणजे पडद्यावरून डॉक्टरांचा सल्ला. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत, ती घरबसल्या मिळू लागली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं आणि 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आला. आपले रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, दाखल झाल्याचे कागद या क्रमांकाला जोडले जातील आणि आपल्या संमतीने कुठल्याही डॉक्टरला पाहता येतील, अशी ही कल्पना. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. काकींचं तेच कार्ड काढायचं होतं.

या सगळ्याचा फायदा नाही असं कोकणातल्या बाईने तरी म्हणू नये. आमच्या गुहागर तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला जयगडची खाडी, पश्चिमेला समुद्र. तज्ज्ञ डॉक्टर हवा तर चिपळूण गाठायचं, म्हणजे गुहागरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सड्यावरच्या किंवा खाडीकाठच्या वाडीतून निघालेल्या बाईची एक एसटी चुकली की दिवस गेला, त्या दिवसाची मजुरी गेली, आणि घरी गाईगुरं उपाशी. कातडीचा आजार किंवा साखर वाढल्याचा रिपोर्ट दाखवायला एवढी यातायात करण्यापेक्षा उपकेंद्रात बसून डॉक्टरशी बोलता आलं तर कोणाला नको आहे?

आणि कागदांचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. घराघरांत माळ्यापर्यंत पाणी चढलं. माझ्या एका नात्यातल्या बाईंची दहा वर्षांची साखरेची आणि हृदयाची फाइल चिखलात गेली. नव्या डॉक्टरांसमोर बसून त्या नुसत्या "एक लाल गोळी होती, एक पांढरी" एवढंच सांगत होत्या. असे कागद कुठेतरी सुरक्षित असावेत असं तेव्हा मलाही तीव्रतेने वाटलं. पण त्याच पुरात, आणि त्याआधी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळातही, वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही गेली होती. फोन चार्ज होत नाही तेव्हा त्यातल्या रिपोर्टचा काय उपयोग? म्हणून माझं म्हणणं असं, की मोबाइल जरूर यावा, पण कागदाला हाकलून नको.

खरी अडचण वेगळीच आहे. या सगळ्या यंत्रणा एक गोष्ट गृहीत धरतात. माणूस एक, फोन एक, नंबर एक. दिल्ली-मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत हे बरोबर असेल. आमच्याकडे घराघरातले पुरुष चाकरमानी. आधारला नंबर त्यांचा. गावात फोन असतो तो सासऱ्यांच्या खिशात नाही तर कॉलेजातल्या मुलाच्या हातात. बाईचा फोन म्हणजे बहुधा घरातला जुना, काच तडकलेला, ज्यात पैसे भरायचे राहून गेलेले असतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा फोन आहे का? देशात फक्त ५४ टक्के जणी हो म्हणाल्या. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. तेव्हापासून फोन वाढले, हे मला दिसतंच आहे. पण घरात फोन येणं आणि तो बाईच्या हक्काचा होणं यात फरक आहे. आणि काकींसारख्या पन्नाशीपुढच्या बायका तर या आकड्यांत मोजलेल्याच नाहीत.

हे असं होणार याची सूचना आपल्याला करोनाच्या लशीच्या वेळीच मिळाली होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांना लस सुरू झाली. अट अशी की आधी 'कोविन'वर नोंदणी करायची, तीही फक्त ऑनलाइन, आणि तेव्हा ते संकेतस्थळ इंग्रजीत. वेळ उघडली की दोन मिनिटांत संपायची. मुंबई-पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत शहरातली मुलं गाड्या घेऊन लस घ्यायला येत होती आणि त्याच गावातल्या बायका आरोग्य केंद्राबाहेर झाडाखाली बसून बघत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मेअखेरीच्या सुनावणीत सरकारला हेच विचारलं, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्या खेड्यातल्या माणसांनी काय करायचं? २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची सोय झाली होती, जूनमध्ये मराठीसह इतर भाषाही आल्या. एका नंबरवर चौघांची नोंदणी आधीपासून चालत होती, जानेवारी २०२२ मध्ये ती सहांवर नेली. म्हणजे 'फोन सगळ्या घराचा असतो' हे तेव्हा सरकारलाही कळलं होतं. मग पुढच्या योजना आखताना ते पुन्हा का विसरायचं?

दुसरी गोष्ट बायका मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. आमच्या बचत गटातली एक तरुण सून. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. उपकेंद्रातल्या ताईंनी तिला पडद्यावरून डॉक्टरांशी बोलायला बसवलं. सगळं नीट झालं असतं, पण नोंदणीसाठी नंबर विचारल्यावर ती गप्पच बसली. घरात एकच स्मार्टफोन, तो दिराचा. औषधाची चिठ्ठी त्याच फोनवर जाणार. "ताई, माझा नंबर नका घालू, तुमचाच घाला," म्हणाली. ताईंनी घातला. आता बघा, त्या मुलीच्या आजाराची नोंद तिच्या नावावर आहे, पण उघडते दुसरीच्या फोनवर. दिराच्या फोनवर उघडली असती तर ती डॉक्टरकडे गेलीच नसती. आभा क्रमांकाच्या बाबतीत सांगतात, की तुमच्या संमतीशिवाय माहिती कोणी पाहू शकत नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. पण संमतीचं बटण ज्याच्या फोनवर, संमती त्याची. गर्भपात, वंध्यत्व, क्षयरोग, मनाचे आजार, यातलं काय कोणाला कळावं हे बाईने ठरवायचं की फोनच्या मालकाने?

आणि हा सगळा गाडा ओढतंय कोण, तर पुन्हा बायकाच. आमच्या आशाताई घरोघर फिरून कार्डं काढतात. सड्यावर गेलं की रेंज मिळते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला पाखाडी चढवून वर नेतात. अंगणवाडीच्या ताईंचं तर विचारू नका. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. सरकारने दिलेले फोन जुने, त्यात ते ॲप चालेना, वर इंग्रजी भाषा. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी ते फोनच सरकारला परत केले. वर्तमानपत्रांतून तेव्हा आपण ते फोटो पाहिले, पान उलटलं आणि विसरलो. २०२३ च्या ऑक्टोबरात आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबर 'ऑनलाइन कामाची सक्ती नको' हीही त्यांची मागणी होती. आता १ जुलै २०२५ पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना घरपोच आहार देताना चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली आहे. आधी आधारची पडताळणी, मग ओटीपी, मग फोटो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचा आधारचा नंबर नवऱ्याचा असतो. नवरा बोटीवर गेलेला असला की अंगणवाडीच्या ताईंनी काय करायचं? चोरी थांबावी म्हणून ही तपासणी, हे कारण मला पटतं. पण उपाशी राहते ती चोर नसलेली बाई, हेही बघायला हवं.

चेहऱ्यावरून आठवलं. डोळे मिटा-उघडा असं यंत्राने सांगितल्यावर ज्यांना ते करताच येत नाही अशाही आपल्या बहिणी आहेत. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अंध व्यक्तींचीही तीच तक्रार होती. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने निकाल दिला, की अशा डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याच्या पद्धती सगळ्यांना जमतील अशा केल्याच पाहिजेत. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. ज्याला जमत नाही त्याने शिकून यावं, असं आजवर सांगितलं जात होतं. आता यंत्रणेने बदलायचं आहे.

मग कसं असावं? त्यासाठी परदेशात जायला नको. चांगली उदाहरणं आपल्यापाशीच आहेत. ई-संजीवनीच घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावर दहा कोटी सल्ले पूर्ण झाले, तेव्हा सरकारने सांगितलं की लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, स्त्रिया आहेत. ज्या देशात बायकांकडे फोनच कमी, तिथे हे कसं झालं? मला वाटतं, उत्तर सोपं आहे. उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी बसलेले असतात. फोन त्यांचा, रेंज त्यांची, बोलायला सुरुवात करून देतात ते. बाईने फक्त चालत जायचं आणि आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगायचं. रक्तदाब तिथेच मोजतात, गोळ्या असतील तर तिथेच देतात. यातही उणिवा आहेत. पडद्यातून पोट दाबून बघता येत नाही, पलीकडचे डॉक्टर घाईत असतात, पावसात लाइन गेली की सगळंच ठप्प. पण रचना शहाणपणाची आहे.

दुसरं उदाहरण 'टेलिमानस'चं. १० ऑक्टोबर २०२२ ला मानसिक आरोग्यासाठी हा क्रमांक सुरू झाला, १४४१६. साध्या बटणांच्या फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ॲप नको, इंटरनेट नको. बाळंतपणानंतर रडत बसणाऱ्या मुलीला, मुलं मुंबईला गेल्यावर एकट्या पडलेल्या म्हातारीला शेजारणीच्या फोनवरूनही हा क्रमांक लावता येतो. हुशारी कमी पैशात, कमी यंत्रात कशी दाखवावी हे इथे दिसतं.

म्हणजे जिथे यंत्राशेजारी माणूस बसवला आहे, किंवा साधा आवाज पुरतो, तिथे बायका आपणहून येतात. जिथे 'तुमचं तुम्ही करा' असं सांगून यंत्र पुढे सरकवलं, तिथे बायका दाराबाहेर राहतात. मला तरी सगळ्या प्रश्नाचं सार हेच वाटतं. म्हणून आपल्या मागण्याही नेमक्या हव्यात. ओटीपी नाही म्हणून कोणालाही उपचाराला किंवा आहाराला थांबवू नये, कागदावर नोंद करून घ्यावी आणि पडताळणी नंतर करावी. नोंदणीच्या जागी मदतीचा माणूस सुट्टी धरून रोज असावा. आशा आणि अंगणवाडी ताईंना चालणारा फोन, इंटरनेटचे पैसे आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. बाईला स्वतःचा नंबर नसेल तर तिची चिठ्ठी छापून तिच्याच हातात द्यावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती चहा-बिस्किटांवर उरकते. हे मुद्दे तिथे लिहून द्या, ठरावात येऊ देत.

आणि काही आपणही करायचं आहे. आधारला आपला स्वतःचा किंवा घरात कायम राहणाऱ्या बाईचा नंबर जोडून घ्या. यासाठी तालुक्याला जायलाच हवं असं नाही, २०२१ पासून पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमनही हे काम करून देतात. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांची कार्डं ती धडधाकट असताना काढा, हाड मोडल्यावर नव्हे. योजनेत अडलं तर १५५३८८ किंवा १४५५५ ला फोन करा. आभा क्रमांक ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून कोणी उपचार नाकारत असेल तर विचारायला लाजू नका. ओटीपी फोनवरून अनोळखी माणसाला सांगू नका. आणि रिपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा. कोकणातल्या पावसाला आभा कळत नाही.

केरळने ऑगस्ट २०२५ मध्ये आपलं राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. कार्यकर्ते घरोघर गेले, आजीआजोबांना फोन हातात धरून शिकवलं. आपल्याकडे प्रत्येक वाडीत बचत गट आहे. कॉलेजातल्या मुलीमुलांनी महिन्यातला एक शनिवार दिला तर? आमच्या गटाने सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या. त्यातल्या चौघींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फोन लावला. सगळ्यांनी तो माहेरी लावला, हे सांगायला नकोच.

काकी आता काठी घेऊन अंगणात फिरतात. परवा पोस्टमनकडून त्यांच्या आधारला सुनेचा नंबर जोडून घेतला. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेले, "काकी, आता ओटीपी नालासोपाऱ्याला जायचा नाही, इथेच येईल, सुनेच्या फोनवर."

काकी सुपारी कातरत होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "बरा झाला. पन सूनबाय माहेरी गेली आनि मी पडलंय तर गो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी या योजना आखल्या, त्यांच्याकडे ते असायला हवं.